चाकोरी सोडण्याआधी हवा सोडा

सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या वर पवनचक्क्यांचं पठार आहे. ऑगस्ट महिना होता आणि धुकं इतकं दाट की पवनचक्कीचं पातं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पठारावरून एका वाडीकडे उतरणाऱ्या लाल मातीच्या वाटेनं मी हौसेनं खाली गेलो होतो आणि आता वर यायचं होतं. गाडी नवीकोरी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकं ओढणारी, १३० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. चढ जेमतेम पन्नास मीटरचा. तीनदा जोर मारला. तिन्ही वेळा गाडी अर्ध्यात थांबली, चारी चाकं जागच्या जागी फिरली आणि काचेवर लाल शिंतोडे आले. चौथ्या खेपेला क्लच जळाल्याचा वास आला.

तेवढ्यात मागून वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी, कमांडर जीप आली. आत दहा-बारा माणसं, टपावर दोन पोती. चालवणारे मामा साठीचे असतील. खाली उतरले, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर चपलेनं टकटक केलं.

"किती हवा हाय?"

"बत्तीस."

"मंग कशी चढंल? सोडा निम्मी."

त्यांनी स्वतःच एक काटकी मोडली आणि व्हॉल्व्हची पिन दाबून बसले. चारी चाकं झाल्यावर म्हणाले, "लो मधी टाका. दुसरा गिअर. रेस करू नगा, चालू द्या आपापली." गाडी चढली. अगदी सहज, जणू मघाशी नाटक करत होती. मागोमाग त्यांची कमांडर वर आली, आणि तेव्हा मला कळलं की तिला फोर बाय फोर नव्हतंच.

पुढची काही वर्षं मी जे शिकलो ते या दहा मिनिटांचंच स्पष्टीकरण आहे. वाचणाऱ्याकडे फोर बाय फोर आहे, पण गिअरशेजारचा, फोर बाय फोर लावायचा तो दुसरा लिव्हर अजून हलवलेला नाही, असं धरून लिहितो. (लिव्हर आहे ना, हे आधी बघून घ्या. जानेवारी २०२३ पासून महिंद्राची थार फक्त मागची चाकं ओढणाऱ्या रूपातही मिळते. बाहेरून फरक चटकन कळत नाही आणि काही मालकांना तो चिखलातच कळतो.)

गाडी कशावर उभी असते

कच्च्या वाटेवर इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. कमी पडते ती पकड. इंजिनानं कितीही जोर लावला तरी तो जमिनीपर्यंत पोचतो टायरच्या तेवढ्याच भागातून, जो त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो. हा भाग किती मोठा असतो? ढोबळ हिशोब करू. माणसं धरून गाडी १९०० किलोची, म्हणजे एका चाकावर ४७५ किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की येतात २१० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेचौदा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन. असे चार चौकोन, आणि त्यावर तुमची पूर्ण गाडी.

आता हवा १८ पीएसआयवर आणा. तोच भागाकार ३७५ चौरस सेंटिमीटर देतो, जवळजवळ पावणेदोन पट. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, त्यामुळे आकडा जरा कमी भरेल, पण दिशा तीच. हवा सोडली की टायर रुंद होतो असं आपल्याला वाटतं, कारण उभं राहून बघताना पोट सुटलेलं दिसतं. खरं तर जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीला वाढतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखं थोडंसं. शिवाय मऊ टायर दगडाला बगल देत नाही, त्याला लपेटून घेतो. नक्षीचे ठोकळे उघडमीट करत राहतात, म्हणून त्यात अडकलेली माती झडते. टणक टायर दगडावरून उसळतो, आणि उसळलेलं चाक हवेत असतं तेवढा वेळ काहीच कामाचं नसतं.

मग मामांची कमांडर कशी चढली? मागची चाकं ओढणारी गाडी, आणि नेमकं त्याच चाकांवर दहा-बारा माणसांचं वजन. पकड वजनाबरोबर वाढते. त्यातून टायर अरुंद. सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, लाल चिखल बऱ्याचदा बोटभर जाडीचा असतो, खाली जांभा घट्ट. अरुंद टायर तो थर चिरून खालच्या दगडाला पोचतो. माझे रुंद, टणक आणि रिकाम्या गाडीचे टायर वरच्या लोण्यावरच नाचत होते. आणि मामा त्या वाटेवर रोज दोनदा जात होते, हा भाग कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मी आता वापरतो ते आकडे असे: दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर २२ ते २४, चिखलात आणि ओल्या कातळावर १८ ते २०, मऊ वाळूत १५ च्या आसपास. मारुतीच्या जिम्नीसारख्या हलक्या गाडीला आणखी दोनेक कमी चालतात. १२ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. कमी हवेवर वेग ताशी तीस-चाळीसच्या आत ठेवायचा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची. मऊ टायर वेगात सारखा दुमडत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. म्हणजे सोबत हवेचा छोटा कंप्रेसर आणि भरवशाचं काट्याचं मीटर हवंच.

चारी चाकं ओढतात म्हणजे नक्की काय

शाळेतली कवायत आठवा. आडवी रांग वळताना आतला मुलगा जागेवर पाय आपटतो आणि बाहेरचा जवळजवळ पळतो. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यानं जखडली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो, जो दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो.

पण त्याची एक खोड आहे. तो दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटतो, आणि तो सारखा वाटा ठरतो दुबळ्या चाकाच्या ऐपतीनं. एक चाक हवेत किंवा शेवाळावर असेल तर त्याला फिरवायला जोर लागतच नाही. मग पलीकडे घट्ट जमिनीवर असलेल्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. हवेतलं चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा असे दोन एक्सल (चाकांच्या जोडीचे दांडे) ओढू लागतात, पण डिफरन्शियलची खोड दोन्हीकडे कायम असते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम मोकळं झालं, आणि खड्ड्यांच्या वाटेवर हे हटकून होतं, की चारी चाकं ओढणारी गाडी गपगार उभी राहते.

यावर दोन उपाय. एक म्हणजे डिफरन्शियल लॉक, जो दोन्ही चाकं तेवढ्यापुरती एकमेकांना जखडतो. फोर्स गुरखाला हे कुलूप पुढे आणि मागे दोन्हीकडे कंपनीतूनच मिळतं. थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारं यांत्रिक लॉक असतं, चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की ते खटकन धरतं. दुसरा उपाय ब्रेकचा. फुकट फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, त्यामुळे ते 'जड' होतं आणि पलीकडच्या चाकाला जोर मिळतो. जिम्नीत हे आहे. यात नवखा माणूस हमखास चुकतो. चाक फिरलं, करकर आवाज आला की घाबरून पाय काढतो. ब्रेकला काम करायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून ठेवा.

आता तो लिव्हर. 'टू-हाय' हा रोजचा. 'फोर-हाय'मध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडले जातात. आपल्याकडच्या या बहुतेक गाड्यांत त्या दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-हाय नको. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, सुटायला वाट मिळत नाही आणि सगळा पीळ गिअरच्या दात्यांवर येतो. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ऐटीत फोर बाय फोर लावणारे पुण्यात बरेच आहेत. स्टिअरिंग जड का लागतंय, हे त्यांना मेकॅनिक सांगेल.

'फोर-लो' ही खरी जादू. चाकांचा वेग साधारण दोन ते अडीच पट कमी आणि जोर तितकाच जास्त. यासाठी गाडी थांबवायची, न्यूट्रलला आणायची, मगच लिव्हर ओढायचा. नवखे लोक लो फक्त चढासाठी समजतात. मला ती उतारावर आणि दगडांत जास्त लागते, कारण क्लचला पाय न लावता गाडी माणसाच्या चालीनं चालते. अर्धा क्लच दाबून गाडी 'सांभाळणं' ही शहरातल्या ट्रॅफिकची सवय. इथे तीच सवय प्लेट जाळते.

गाडीखाली झोपून बघा

तयारी म्हटलं की लोक आधी टपावरचे दिवे आणि पुढचा लोखंडी बंपर विकत घेतात. माझं ऐका, एक जुनी चादर घ्या आणि गाडीखाली आडवे व्हा. चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) कुठे आहे, त्याखाली पत्रा आहे का, डिझेलची टाकी कुठल्या बाजूला, सायलेन्सर किती खाली लोंबतो, मागचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला. हे डोक्यात बसलं की दगडावर चाक कुठून न्यायचं हे स्टिअरिंगवर बसून कळतं.

जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे थारचा २२६ मिलिमीटर किंवा जिम्नीचा २१०, हा गोष्टीचा एकच भाग. त्याइतकेच महत्त्वाचे तीन कोन. पुढचं नाक किती चढावर टेकेल, शेपूट उतरताना कुठे घासेल, आणि उंचवटा ओलांडताना पोट टेकेल का. थारचे हे आकडे अनुक्रमे सुमारे ४२, ३७ आणि २७ अंश, जिम्नीचे ३६, ४७ आणि २४. आपल्याकडे जास्त नडतो तो पोटाचा कोन. शेताचा बांध, वाटेवर आडवा टाकलेला मातीचा उंचवटा, ओढ्याचा काठ, सगळीकडे गाडी पोटावर बसते आणि चाकं अधांतरी राहतात. मागचा एक्सल अखंड दांड्याचा असेल तर खडूनं एवढं लिहून ठेवा: त्याच्या गोळ्याखालचा क्लिअरन्स हवा कमी केल्यानं घटतो, सामान भरल्यानं घटतो तो पोटाखालचा.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा. आधी कंप्रेसर आणि मीटर. मग गाडीच्या चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) पक्के जोडलेले पुढचे-मागचे हुक, ओढण्याचा जाड पट्टा आणि तो हुकाला अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल. मग चेंबरखालचा पत्रा. मग टायर, तेही जुने झिजल्यावर. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन पुरतात. मोठ्या ठोकळ्यांचे मड-टेरेन चिखलात उत्तम, पण पावसात ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर थांबायला वेळ घेतात आणि घाटात दिवसभर भुणभुणतात. फार मोठा टायर घातला की गिअर बदलल्यासारखा परिणाम होतो, फोर-लोचा जोर घटतो, ब्रेकला जास्त काम पडतं. घेर पाच टक्के वाढला तर स्पीडोमीटरही तेवढाच कमी वेग दाखवतो.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं. लोखंडी बुलबारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले. ते लोखंड अपघातात पादचाऱ्याला तर मारतंच, शिवाय धडक ओळखून एअरबॅग उघडण्याच्या गणितातही ढवळाढवळ करतं.

सामान खाली आणि बांधून. टपावर शंभर किलो ठेवलेली गाडी आडव्या उतारावर वेगळीच गाडी असते. जॅक, पाना, सुटी बाटली, काही म्हणजे काही सुटं नको. जॅकखाली ठेवायला एक फळी घ्या, नाहीतर चिखलात गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. फावडं हवंच. बाजारात घडीची चकचकीत फावडी मिळतात, पण लाकडी दांड्याचं हार्डवेअरच्या दुकानातलं त्यांना पुरून उरतं.

आधी पायी, मग चाकांवर

जागा अवघड दिसली की उतरा आणि चालत जा. बूट घसरतो का? काठी टोचली तर खाली घट्ट लागतं का? चढ संपल्यावर वाट कुठे वळते? बॉनेट आकाशाकडे असताना वरची वाट दिसत नाही, म्हणून ती आधी पाठ हवी. बाहेरून सांगणारा माणूस एकच असू द्या. चार मित्र चार बाजूंनी "डावीकडे, डावीकडे!" ओरडू लागले की कुणाची डावी, यावर गाडी दगडावर चढते. आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंडाळू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यानं फिरतं आणि अंगठा दुखावतो.

मोठा दगड दोन चाकांच्या मधून घ्यायचा मोह होतो. तिथेच तर चेंबर आणि डिफरन्शियल असतात. दगडावर चाक चढवा, पोट आपोआप उचललं जातं. चर आडवा असेल तर तिरकं जावं, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली उतरतं. पण फार तिरकं गेलात तर समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं मोकळी होतात आणि वर सांगितलेली डिफरन्शियलची खोड आडवी येते.

चढ आणि उतार मात्र नेहमी सरळ. चढ अर्ध्यात हुकला तर वळवण्याचा विचारही नको. आडवी झालेली गाडी लोळते. पाय ब्रेकवर, रिव्हर्स गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनाच्या ब्रेकवर सरळ मागे या. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून मागे आलात तर पुढची चाकं हलकी असतात, ब्रेक दाबल्यावर ती घसरतात आणि नाक एका बाजूला फिरतं. उतारावर फोर-लो, पहिला गिअर, दोन्ही पाय क्लच आणि ॲक्सिलरेटरवरून दूर. गाडीची शेपूट एका बाजूला सरकू लागली तर मनाविरुद्ध वागावं लागतं. ब्रेक सोडून जरासा ॲक्सिलरेटर द्यायचा, चाकं फिरू लागली की दिशा परत मिळते. हे आधी एखाद्या छोट्या, निरुपद्रवी उतारावर करून बघा. वाचून येत नाही.

चिखलाच्या जाती असतात. जांभ्यावरचा पातळ लाल चिखल परवडला. देशावरची काळी माती अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी बसते की चाक गुळाच्या ढेपेसारखं गुळगुळीत होतं. तिथे संथ चालण्यापेक्षा थोडा वेग राखलेला बरा, म्हणजे चाक माती उडवत स्वच्छ होत राहतं. गाडी अडखळू लागली तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा, टायरच्या कडा बाजूची ताजी माती पकडतात. तरी थांबली तर थांबा. चाक फिरवत राहिलात तर ते स्वतःसाठी खड्डा खणतं आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर. बैलगाडीची खोल चाकोरी लागली तर बघा की तुमच्या चाकांमधलं अंतर तिच्याशी जुळतं का. जुळत नसेल तर एक चाक चाकोरीत आणि एक मधल्या उंचवट्यावर घेऊन तिरकं जावं लागतं.

पाणी

याबद्दल जास्त लिहितो, कारण बाकी चुका पैशात फिटतात.

थारच्या कंपनीनं सांगितलेली पाण्यातली क्षमता ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे संथ पाण्यासाठी. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं. गाडीच्या तळाच्या वर ३० सेंटिमीटर पाणी आलं असं धरा. तळ साडेतीन मीटर लांब, १.६ मीटर रुंद. आत पाणी शिरायच्या आधी गाडीनं बाजूला सारलेलं पाणी १.६८ घनमीटर, म्हणजे १६८० किलो. जवळजवळ गाडीचं सगळं वजन पाण्यानं उचललं. चाकांवर वजन उरलं नाही म्हणजे पकड उरली नाही, आणि फोर बाय फोर तरंगणाऱ्या गाडीला काही देत नाही. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर त्याखाली फरशी अजून आहे की नाही हेही दिसत नाही. गढूळ, वाहतं आणि गुडघ्याच्या वर असेल तर मी थांबतो. सह्याद्रीतले ओढे डोंगरावरचा पाऊस थांबला की तास-दोन तासांत उतरतातही. चहा प्यावा.

संथ आणि उथळ पाण्यात जायचं तर आधी काठी घेऊन पायी जा. फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, माणसाच्या जलद चालीचा वेग, मध्ये गिअर बदलणं नाही, थांबणं नाही. त्या स्थिर वेगानं पुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे, इंजिनाच्या भागात, पाण्याची पातळी किंचित खाली राहते. धडाक्यानं पाणी उडवत गेलात तर फोटो चांगला येतो आणि हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी आत जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. उरलेलं काम तो स्टार्टरच पूर्ण करतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. ती घेतली आहे का, आजच बघा.

आणखी एक, जे बरेच जण विसरतात. चालून तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि श्वासाच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी तेल दुधाळ होतं. खोल पाण्यातून आलात तर दोन्ही एक्सलचं आणि गिअरबॉक्सचं तेल तपासून घ्या. ब्रेक ओले असतात, पुढच्या शंभर मीटरांत हलके दाबून वाळवा.

रुतल्यावर

पहिलं काम इंजिन बंद करून खाली उतरणं. चाकांपुढची माती फावड्यानं उतार करून काढा, पोट टेकलं असेल तर खालचीही. आणखी हवा सोडा. चाकाखाली दगड किंवा फांद्या टाका. अर्ध्याहून जास्त वेळा एवढ्यानं गाडी निघते, आणि आलेल्या वाटेनं मागे निघते, कारण ती वाट दाबलेली असते.

दुसऱ्या गाडीनं ओढायचं तर कारखान्याच्या किंवा चासीला जोडलेल्या हुकालाच बांधा. ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. ताणलेला पट्टा तो गोळा मोडून तोफगोळ्यासारखा उडवतो, यानं माणसं मेलेली आहेत. लवचीक पट्टा ताण साठवून हळूहळू सोडतो. लोखंडी साखळी एकदम झटका देते आणि तुटली तर काच फोडून आत येते. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर त्याच्या वजनानं पट्टा खाली पडतो. पाहणाऱ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा, आणि तो कुणालाही ओलांडू देऊ नका. गावात ट्रॅक्टर मिळतो. ट्रॅक्टरवाले दादा जोरात झटका देण्यात पटाईत असतात, त्यांना आधी नम्रपणे "हळू ओढा" सांगा आणि हुक स्वतः बांधा.

कुठे जायचं नाही हेही तयारीतच येतं. कास आणि आसपासच्या सड्यांवर मातीचा थर इतका पातळ आहे की एका पावसाळी चाकोरीनं तिथली झुडपं-फुलं वर्षानुवर्षं येत नाहीत. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते काही आपण तिथे गाडी गरगर फिरवून डोनट मारावेत म्हणून नाही. किनाऱ्यावर गाडी नको. गोव्यात तो सरळ गुन्हा आहे, आणि कोकणात वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात. भरतीत रुतलेली गाडी काढायला आलेला जेसीबी त्या वाळूची काय दशा करतो ते मी पाहिलंय. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते, आणि लावणी झालेल्या भातखाचराच्या बांधावरून चाक नेलं तर त्यातलं पाणी फुटतं. शेतकऱ्याला विचारलं तर तो बहुतेक वेळा दुसरी वाट दाखवतो, शिवाय ती कुठे खचली आहे हेही सांगतो.

त्या दिवशी पठारावर पोचल्यावर मामांनी पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं, "हवा कशानं भरणार?" माझ्याकडे कंप्रेसर नव्हता. हवा भरायचं पहिलं दुकान खाली पाटणला. सबंध घाट मी ताशी वीसच्या वेगानं उतरलो, धोक्याचे दिवे लावून, भिजल्या टायरचा फतफत आवाज ऐकत. मामांची कमांडर मला एकदा भरून खाली जाताना ओलांडून गेली आणि काही वेळानं नवी माणसं भरून वर जाताना समोरून आली. दुसऱ्या वेळी आतल्या सगळ्यांनी हात केला.